चॉकलेट क्रॅकल

चॉकलेट क्रॅकल हा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये घरोघरी होणारा, ओव्हन न लावता थिजवून केलेला कोको-खोबऱ्याचा गोड पदार्थ आहे. फुलवलेल्या तांदळाचे दाणे, डेसिकेटेड कोकोनट, कोको पावडर आणि पिठीसाखर वितळवलेल्या घट्ट खोबरेलात कालवतात, कागदी वाट्यांत भरतात आणि फ्रिजमध्ये ठेवतात. मुलांच्या वाढदिवसाला, शाळेच्या आनंदमेळ्यात आणि नाताळात तो हमखास असतो. नावात चॉकलेट असले तरी मूळ कृतीत चॉकलेटचा तुकडाही पडत नाही. रंग आणि चव कोकोची असते, तर पदार्थ धरून ठेवण्याचे काम खोबरेल करते.

इतिहास : केलॉग ही अमेरिकी कंपनी १९२४ मध्ये ऑस्ट्रेलियात आली आणि १९२८ मध्ये तिने सिडनीच्या बॉटनी उपनगरात कारखाना सुरू केला. अमेरिकेत ‘राइस क्रिस्पीज’ म्हणून विकले जाणारे तांदळाचे दाणे तिथे ‘राइस बबल्स’ या नावाने खपू लागले. दुसरा महत्त्वाचा घटक म्हणजे ‘कोफा’ ही घट्ट केलेल्या खोबरेलाची वडी. दोन्ही वस्तू वाण्याकडे सहज मिळू लागल्यावर त्यांची सांगड बसली. या पदार्थाच्या सर्वांत जुन्या ज्ञात छापील कृतींपैकी एक ‘द ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली’ या साप्ताहिकाच्या डिसेंबर १९३७ च्या अंकात आहे. डिसेंबर हा तिकडे ऐन उन्हाळ्याचा महिना असल्याने ओव्हन न तापवता होणारा गोड पदार्थ गृहिणींच्या सोयीचाच होता.

घटक व प्रमाण : सुमारे २४ नगांसाठी ४ कप राइस बबल्स, १ ते दीड कप पिठीसाखर, १ कप डेसिकेटेड कोकोनट, ३ मोठे चमचे कोको पावडर आणि २५० ग्रॅम कोफा घेतात. ऑस्ट्रेलियातला मापाचा कप २५० मिलिलिटरचा आणि मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो. इतरत्र मोठा चमचा बहुधा १५ मिलिलिटरचा असल्याने तिकडची कृती इकडच्या चमच्याने मोजली, तर कोको कमी पडतो.

कृती : पिठीसाखर आणि कोको एकत्र चाळून घेतात, कारण कोकोची गाठ एकदा तेलात गेली की फुटत नाही. मोठ्या पातेल्यात सर्व कोरडे जिन्नस मिसळतात. कोफा मंद आचेवर जेमतेम वितळू देतात, थोडा निवला की कोरड्या मिश्रणावर ओततात आणि दाणे मोडू नयेत म्हणून खालून वर असे हलक्या हाताने कालवतात. मिश्रण लगेच वाट्यांत भरावे लागते. पातेल्यात थांबले तर तेल तळाशी उतरते. मग पहिले क्रॅकल भुसभुशीत आणि शेवटचे तेलकट निघतात. गरम तेल ओतणे मोठ्यांनी करायचे आणि कालवणे, भरणे मुलांवर सोपवायचे, अशी कामाची वाटणी असते.

थिजण्याचे शास्त्र : साधे खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सियसला वितळते. म्हणूनच पुण्यात थंडीच्या दिवसांत बाटलीतले खोबरेल थिजते आणि उन्हाळ्यात पाण्यासारखे होते. हायड्रोजनची प्रक्रिया केली की हा बिंदू ३५ अंशांच्या आसपास पोचतो. त्यामुळे कोफा खोलीच्या तापमानाला घट्ट राहतो आणि तोंडात विरघळतो. मात्र शरीराच्या तापमानाशी अंतर थोडेच उरल्याने टाळ्याला मेणासारखा थर लागतो. क्रॅकल न आवडणाऱ्यांची मुख्य तक्रार हीच असते.

चॉकलेटऐवजी कोको पावडर घेण्यामागेही कारण आहे. चॉकलेटमधले कोको बटर अनेक प्रकारच्या स्फटिकांत थिजू शकते. त्यातला हवा तो प्रकार मिळवण्यासाठी चॉकलेट ठरावीक तापमानांना आणून घोटावे लागते. या क्रियेला टेम्परिंग म्हणतात. खोबरेलाला असे काहीच लागत नाही; फ्रिजमध्ये ते आपोआप नीट थिजते. पण कोको बटर आणि खोबरेल मोठ्या प्रमाणात एकत्र आले, तर त्यांचे स्फटिक जुळत नाहीत. मिश्रण मऊ राहते आणि काही दिवसांत त्यावर करडी-पांढरी बुरशीसारखी छटा येते. ती बुरशी नसते, वर आलेली चरबी असते. कोको पावडरमधले बरेचसे कोको बटर आधीच पिळून काढलेले असल्याने ही अडचण येत नाही.

ओलावा : क्रॅकलचा कुरकुरीतपणा कोरडेपणावर टिकतो. तेलात पाणी नसल्याने तेलात भिजलेले दाणे सादळत नाहीत. दूध, मध किंवा लोणी घातले की सादळतात. खोबऱ्याची निवडही इथेच ठरते. डेसिकेटेड कोकोनट ताज्या खोबऱ्यापासून करतात आणि त्यात पाण्याचा अंश जेमतेम ३ टक्के ठेवतात. ओल्या नारळाचा चव घातल्यास दाणे मऊ पडतात आणि पदार्थ लवकर विटतो. सुक्या खोबऱ्याचा कीस चालतो, पण त्याचा उग्र वास कोकोवर मात करतो आणि खोबरे जुने असेल तर खवटपणा लपत नाही.

संबंधित पदार्थ : ‘व्हाइट ख्रिसमस’ हा याचाच ऑस्ट्रेलियन भाऊ. त्यात कोकोऐवजी दूध पावडर, मनुका आणि साखरेत मुरवलेल्या चेरी घालून वड्या पाडतात. जर्मनीतील ‘काल्टर हुंड’मध्ये बिस्किटांचे थर कोको आणि घट्ट खोबरेलाच्या मिश्रणाने जोडतात. अमेरिकेत १९३९ मध्ये केलॉगच्या मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन यांनी तयार केलेल्या ‘राइस क्रिस्पीज ट्रीट्स’मध्ये तेच तांदळाचे दाणे असतात, मात्र ते वितळलेल्या मार्शमेलो आणि लोण्याने चिकटतात. परिणामी त्या वड्या चिवट लागतात आणि थंड कराव्या लागत नाहीत.

महाराष्ट्रातील पर्याय : कोफा इकडे सहसा मिळत नाही. खाण्याचे खोबरेल वापरता येते, पण ते २४ अंशांलाच पातळ होत असल्याने क्रॅकल फ्रिजमधून काढल्याबरोबर संपवावे लागतात. राइस बबल्सच्या जागी चुरमुरे घ्यायचे तर चिवड्यासाठी भाजतो तसे कुरकुरीत भाजून पूर्ण गार करावेत. ते खारे असतात, हेही ध्यानात ठेवावे. शाळांच्या ‘फायरलेस कुकिंग’ स्पर्धांत दिसणारे चॉकलेट-कोकोनट लाडू मात्र वेगळ्या तत्त्वावर चालतात. मारी बिस्किटांचा चुरा आणि कोको कंडेन्स्ड मिल्कमध्ये मळून लाडू वळतात आणि डेसिकेटेड कोकोनटमध्ये घोळवतात. कंडेन्स्ड मिल्कमध्ये सुमारे पाव भाग पाणी असल्याने लाडू मऊ होतात. ते चिकटून उभे राहतात, थिजून नव्हे. म्हणून मे महिन्याच्या उकाड्यात क्रॅकल वितळला तरी लाडू आकार सोडत नाही.

टिकवण व आहारमूल्य : हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवल्यास क्रॅकल काही दिवस कुरकुरीत राहतात. खोबरेलातील सुमारे ९० टक्के मेदाम्ले संपृक्त असतात. वरील प्रमाणाने केलेल्या प्रत्येक नगात १० ग्रॅमहून थोडे अधिक तेल येते आणि साखर वेगळी. त्यामुळे एका मुलाला एक नग पुरतो.