फलकावरचे चोवीस

१५९७च्या जानेवारीत मध्य जपानातून नागासाकीकडे कैद्यांची एक रांग चालली होती. त्यांच्याबरोबर शिक्षेचा फलक होता. त्यावरचा मजकूर मिशनऱ्यांनी उतरवून घेतला, म्हणून तो आज वाचता येतो. हे लोक वकील म्हणून फिलिपिन्सहून आले, क्योतोत राहून आपण मनाई केलेला धर्म शिकवत राहिले. सबब या चोवीस जणांना नागासाकीत क्रुसावर द्यावे, अशी ती आज्ञा. देणारा जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी. ५ फेब्रुवारीला मात्र क्रूस उभे राहिले सव्वीस! कैद्यांच्या सेवेसाठी वाटेत सोबत आलेले दोघे त्यांच्यातच धरले गेले होते. या तफावतीमुळे माझा मजकुरावरचा विश्वास वाढतो. तो मागाहून कोणी रचला असता, तर आकडा सव्वीसच पडला असता.

मूळ चोवीसांत एक जण वसईचा होता, गोन्सालो गार्सिया.

१५३४च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. गोन्सालोचे जन्मसाल कुठे १५५६, कुठे १५५७ असे येते. नंतर कोणीतरी वयावरून ते मोजून काढले असावे, असा माझा तर्क आहे. बाप पोर्तुगीज आणि आई इथलीच, असे वसईची परंपरा सांगते. पोरवयात तो जेज्विटांबरोबर जपानला गेला, तिथे वर्षानुवर्षे धर्मशिक्षणाचे काम केले, पुढे व्यापारात पडला आणि १५८८मध्ये मनिलात फ्रान्सिस्कन झाला. १६२७मध्ये त्याला धन्य आणि १८६२मध्ये संत घोषित केले गेले.

आता साक्षीदार. लुईस फ्रोइश हा जेज्विट तेव्हा नागासाकीतच होता. त्याचा वृत्तांत १५ मार्च १५९७चा आहे, म्हणजे घटनेला दीड महिनाही झालेला नाही. दुसरा मार्सेलो दे रिबादेनेइरा, जपानात राहिलेला फ्रान्सिस्कन. त्याचा ग्रंथ १६०१मध्ये बार्सिलोनात छापला गेला. दोन संघांत तीव्र वैर होते, कारण पोपच्या १५८५च्या आदेशाने जपान एकट्या जेज्विटांसाठी राखलेला होता. सान फेलिपे हे स्पॅनिश गलबत १५९६च्या ऑक्टोबरात तोसाच्या किनाऱ्याला लागले आणि त्यातला माल जप्त झाला. इथपर्यंत दोघांत वाद नाही. पण हिदेयोशी भडकला कशाने? जेज्विट पक्ष म्हणतो, आधी पाद्री येतात आणि मागून फौज, अशी बढाई गलबताच्या सुकाणूदाराने मारली. स्पॅनिश पक्ष म्हणतो, पोर्तुगीजांनीच कान भरले. दोघांनाही दोष दुसऱ्यावर ढकलायचा होता, म्हणून हा मुद्दा मी निकाली धरत नाही. मनाई मात्र जुनीच होती. पाद्र्यांना वीस दिवसांत देश सोडायला सांगणाऱ्या १५८७च्या हुकुमाची प्रत मात्सुरा घराण्याच्या दप्तरात आहे.

ज्या गोष्टीवर या वैऱ्यांचे एकमत आहे, ती मला सर्वांत भक्कम वाटते: १५९३मध्ये मनिलाच्या गव्हर्नरचा वकील म्हणून आलेल्या पेद्रो बाउतिस्ताचा दुभाषी गोन्सालो होता. भेट झाली हिझेन प्रांतातल्या नागोयात, कोरियावरच्या स्वारीसाठी बांधलेल्या किल्ल्यात. नवख्या बाउतिस्ताची भिस्त या वसईकरावर होती. हिदेयोशीला मनिलाकडून ताबेदारी हवी होती, मनिलाला हवा होता स्नेह. तरीही भेट मोडली नाही आणि पाद्र्यांना क्योतोत राहायची मुभा मिळाली. एवढे अंतर झाकले कोणी? भर दरबारात गोन्सालोने शब्द मऊ केले असतील, हे शक्य आहे. पण माझा संशय आधी हरादा कियेमोनवर जातो. त्याच वर्षी हिदेयोशीतर्फे मनिलाला गेलेला हा व्यापारी, आणि दोन्हीकडे गोड चित्र रंगवण्यात त्याचा स्वतःचा फायदा होता. गोन्सालो नागोयात पोचला तेव्हा गैरसमज बहुधा आधीच पक्का झालेला होता.