दाव्यापासून निदानापर्यंत

'निदान एक फोन तरी करायचास!' यातलं निदान आणि डॉक्टरांचं निदान मुळात एकच, हे सांगितलं तर पुष्कळांना पटत नाही. 'दा' म्हणजे बांधणे हा त्यामागचा संस्कृत धातू. वेदांत निदान म्हणजे चक्क दोर. गोठ्यातलं 'दावं' ('दामन्'वरून आलेलं) त्याच कुळातलं. दावं धरून मागे गेलं की खुंटा सापडतो. बहुधा अशाच वाटेने दोराचा अर्थ कारणाकडे वळला असावा. अमरकोशात निदान म्हणजे आदिकारण. वैद्यांनी तो शब्द रोगाच्या कारणाला लावला, आणि माधवकराचा ग्रंथ 'माधवनिदान' म्हणूनच गाजला. जुन्या मराठीत 'निदानीं' म्हणजे अखेरीस. तिथून 'कमीत कमी' काही फार लांब नाही.

हे सगळं आठवायला निमित्त झालं ऑप्टिकल फायबरचं, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूचं. तिथल्या 'फॉल्ट डिटेक्शन अँड डायग्नॉस्टिक्स'ला मराठीत काय म्हणावं? 'दोषशोध व निदान' सहज सुचतं. पण या दोन कामांत अंतर आहे.

शोधाचं यंत्र म्हणजे ओटीडीआर (ऑप्टिकल टाइम-डोमेन रिफ्लेक्टोमीटर). बार्नोस्की आणि जेन्सन यांनी ही पद्धत १९७६ मध्ये मांडली. तंतूत प्रकाशाचा एक स्पंद सोडायचा. काचेतल्या सूक्ष्म विषमतेमुळे वाटेत त्यातला थोडा प्रकाश मागे विखुरतो. तो परतायला किती वेळ लागला यावरून अंतर काढायचं. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे किलोमीटरभर जाऊन यायला साधारण १० मायक्रोसेकंद. तंतू तुटला असेल तर परतलेल्या प्रकाशाचा आलेख तिथून खाली कोसळतो. कधी प्रकाश दोन कनेक्टरांमध्ये उलटसुलट आपटतो आणि जिथे काहीच नाही तिथे सुळका उभा राहतो. त्याला 'घोस्ट' म्हणतात. शोध लागतो, पण भुताचा!

शिवाय यंत्र सांगतं ते तंतूचं अंतर, रस्त्याचं नव्हे. मॅनहोलमध्ये राखीव केबलची वेटोळी ठेवलेली असतात. ती वजा केल्याशिवाय कुदळ मारली तर खड्डा भलत्याच ठिकाणी पडतो.

'कुठे' कळलं तरी 'कशाने' उरतंच. १३१० नॅनोमीटर तरंगलांबीपेक्षा १५५० वर प्रकाशाची गळती बरीच जास्त दिसली, तर तंतू कुठेतरी वाकला असावा. दोन्हीकडे जवळपास सारखीच असेल, तर संशय खराब जोडावर. तंतूतली माहितीची वाहतूक न थांबवता सतत पहारा ठेवायचा तर १६२५ किंवा १६५० नॅनोमीटरचा वेगळा प्रकाश वापरतात. आणि खरी कसोटी केबल तुटल्यावर लागते. एका घावाने शेकडो अलार्म वाजू लागतात, त्यांतला मूळ कोणता हे स्वयंचलित प्रणालीने ओळखायचं असतं. अमरकोशातलं आदिकारण ते हेच.

'डायग्नोसिस' या ग्रीक शब्दात भेद ओळखण्याचा अर्थ आहे, मुळाशी पोचण्याचा नाही. या कामाला आपला शब्द अधिक नेमका बसतो, असं माझं मत. म्हणून भाषांतरकारांना विनंती: यंत्र नुसतं अंतर सांगत असेल तिथे 'दोषशोध' लिहा, आणि ते कारण सांगेल तिथेच 'निदान'.