उलट्या दिशेची हाक

१९६३ साली अमेरिकेतल्या टेलिटाइप कॉर्पोरेशनने ‘मॉडेल ३३’ नावाचे यंत्र आणले. टाइपरायटरसारखा कळफलक, वर कागदाचे भेंडोळे आणि ‘एएसआर’ या प्रकारात डाव्या अंगाला कागदी पट्टीवर भोके पाडणारे व ती वाचणारे जोडयंत्र. त्याच्या कळफलकावर ‘क्यू’च्या कळीवर बारीक अक्षरांत ‘एक्स-ऑन’ असे छापलेले होते आणि ‘एस’च्या कळीवर ‘एक्स-ऑफ’. तारायंत्राच्या बोलीत ‘एक्स’ म्हणजे ट्रान्समीटर, पाठवणारा. प्रिंटरकडे जाणारा मजकूर सॉफ्टवेअरने आवरण्याच्या रीतीला आजही एक्सऑन-एक्सऑफच म्हणतात. नाव टिकले, हुकूम कुणी कुणाला द्यायचा, तेवढे मात्र पार उलटले.

मुळात हा हुकूम पट्टी वाचणाऱ्या यंत्रासाठी होता. दूरच्या संगणकाशी फोनवरून जोडून बसायचे म्हणजे मिनिटामिनिटाचे पैसे. म्हणून लोक आधी जोडणीशिवायच सगळा प्रोग्राम टाइप करून पट्टीवर भोके पाडून ठेवत, मग फोन लावून पट्टी सरकवत. सेकंदाला दहा अक्षरे, हा या यंत्राचा वेग. आज हसू येईल, पण एकाच वेळी अनेकांची कामे उरकणाऱ्या तेव्हाच्या संगणकाला कधीकधी तेही पेलत नसे. मग तो १९ क्रमांकाचा संकेत पाठवी आणि पट्टी थांबे. १७ पाठवला की पुन्हा सरकू लागे. अक्षरांना क्रमांक नेमून देणाऱ्या १९६३च्याच आस्की तक्त्यात १७ ते २० हे चार क्रमांक जोडयंत्रांवरच्या हुकमतीसाठी राखलेले होते. क्यू हे इंग्रजी वर्णमालेतले सतरावे अक्षर, एस एकोणिसावे. कंट्रोलची कळ दाबून ही अक्षरे दाबली की नेमके तेच संकेत निघतात. हे संकेत कागदावर उमटत नाहीत, फक्त काम घडवतात.

पुढे पट्टी गेली, पडदे आले, वेगवान तारा आल्या. आता कमी पडू लागला तो घेणारा. १९८०च्या एप्सन एमएक्स-८० या गाजलेल्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा वेग सेकंदाला ८० अक्षरे. ९६०० बॉडच्या सिरियल तारेतून मात्र सेकंदाला साधारण ९६० अक्षरे येऊ शकतात. प्रिंटरच्या पोटात आलेला मजकूर तात्पुरता साठवणारा दोन किलोबाइटांचा बफर धरला, तरी तो अडीच सेकंदांच्या आत तुडुंब. त्यानंतर येणारी बहुतेक अक्षरे वाया. तेव्हा प्रिंटरनेच १९ हा संकेत संगणकाकडे धाडायचा : थांब. बफर बराचसा रिकामा झाला की १७ : येऊ दे. डिजिटल इक्विपमेंटच्या १९७८च्या व्हीटी-१०० टर्मिनलनेही पडदा मागे पडू लागला की हेच केले. पट्टी नाही, ती ओढणारे यंत्र नाही. काल हुकूम सोडणाऱ्या संगणकाने आज प्रिंटरचे ऐकायचे.

शेतात दारे धरणाऱ्याला यातली मेख लगेच कळेल. वाफा काठोकाठ भरल्यावर मोटारीवरच्याला हाक मारून भागत नाही, कारण पाटात निघालेले पाणी येतच राहते. हाक थोडी आधी द्यावी लागते. प्रिंटरही बफरमध्ये काही जागा शिल्लक असतानाच ‘थांब’ म्हणतो, आणि प्रोग्राम लिहिणारे या पातळीला इंग्रजीत पाणीपातळीच्याच खुणेचे नाव देतात.

दुसरे उपाय होतेच. सेंट्रॉनिक्सच्या पॅरलल जोडणीत ‘मी कामात आहे’ हे सांगायला स्वतंत्र तारच होती. डायब्लोच्या डेझी व्हील प्रिंटरांशी बोलताना संगणक एक घास भरवून थांबे आणि ‘गिळला’ असा निरोप आल्यावरच पुढचा देई. एक्सऑन-एक्सऑफला मात्र जाणारी, येणारी आणि समाईक अशा तीनच तारा पुरतात. ही रीत टिकली ती या काटकसरीमुळे, शहाणपणामुळे नव्हे, असे माझे मत.

कारण तिच्यात मौन म्हणजे संमती. प्रिंटर बंद असेल तर ‘थांब’ म्हणणारेच कुणी नाही, आणि संगणक खुशाल मजकूर ओतत राहतो. उलट, १७ हा संकेत वाटेत गोंगाटात हरवला तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात. दोघांचेही दिवे लागलेले, कागद जागचा हलत नाही. शिवाय हुकूम आणि मजकूर एकाच तारेतून येतात. परतीच्या तारेवर प्रिंटर फारसे काही बोलत नाही म्हणून त्याचे निभावले. पण दोन संगणकांमध्ये फाइल जाताना तिच्यातच १९ निघाला, की पलीकडचा आज्ञाधारकपणे गप्प. कोलंबिया विद्यापीठातल्या मंडळींनी १९८१मध्ये ‘कर्मिट’ ही फाइल पाठवण्याची पद्धत रचली, तेव्हा असे सगळे संकेत साध्या अक्षरांचे सोंग देऊन पाठवण्याची सोय त्यांना करावी लागली. ‘ईमॅक्स’ या संपादकात तर कंट्रोल-एस म्हणजे शोध. टर्मिनल ती कळ मधल्यामध्ये गिळून पडदा गोठवी, आणि शोधणारा चरफडत बसे.

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ही हाक अजून ऐकली जाते. फाइल साठवायच्या सवयीने तिथे कंट्रोल-एस दाबले गेले आणि सगळे थिजले, तर संगणक बंद करू नका. कंट्रोल-क्यू दाबा.