मृत नोंदी आणि मोकळी जागा : हेदवीचा सातबारा व रिलेशनल डेटाबेस

प्रास्ताविक : गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव दशभुज गणेशाच्या मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. राज्यातील अन्य गावांप्रमाणे या गावाच्या जमिनीचा इतिहासही सातबारा उताऱ्यांत साठला आहे. रद्द झालेली नोंद जागा अडवून राहते, तेव्हा काय करावे? या प्रश्नाला महसूल दप्तराने आणि संगणकशास्त्राने दिलेल्या उत्तरांची तुलना प्रस्तुत लेखात केली आहे.

दप्तराची रीत : मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने अधिकार अभिलेखाची पद्धत सुरू झाली. खातेदार मयत झाल्यास वारसांची नावे फेरफाराने दाखल होतात आणि मयताच्या नावास पूर्वी कंस केला जाई. कोकणातील सामाईक खात्यांवर अशी कंसातील नावे वाढतच जात. म्हणून हस्तलिखित सातबाऱ्याचे साधारणतः दर दहा वर्षांनी पुनर्लेखन होई. चालू नोंदी नव्या पानावर उतरविल्या जात व जुने पान अभिलेख कक्षात जाई.

संगणकाची रीत : रिलेशनल डेटाबेसचा सिद्धांत एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडला. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये बर्कले येथे आरंभिलेल्या पोस्टग्रेस प्रकल्पात बदललेल्या नोंदीची जुनी प्रत राखली जाई. 'व्हॅक्यूम' ही प्रक्रिया तिला संग्रहात हलवील, अशी मूळ योजना होती. पुढे १९९७ मध्ये भूतकाळातील स्थिती पाहण्याची ही सोय काढण्यात आली. आजचा व्हॅक्यूम कालबाह्य प्रती कायमच्या काढून टाकतो. साध्या व्हॅक्यूमने मोकळी झालेली जागा बहुधा त्याच तक्त्यातील पुढील नोंदींना मिळते. 'व्हॅक्यूम फुल' मात्र संपूर्ण तक्ता नव्याने लिहून उरलेली जागा संगणकास परत करतो; तोपर्यंत तो तक्ता इतरांना वापरता येत नाही.

निष्कर्ष : पुनर्लेखन व 'व्हॅक्यूम फुल' यांची कृती एकच आहे, परिणाम मात्र भिन्न आहेत. पहिल्यात जुने पान उरते, दुसऱ्यात काहीच उरत नाही. मुंबईत स्थायिक झालेल्या हेदवीच्या वारसास आजोबांचे नाव कोणत्या फेरफाराने कमी झाले हे शोधावयाचे असेल, तर त्याचा हक्क त्या जुन्या पानावर अवलंबून असतो. यास्तव संगणकीकृत अभिलेखात फेरफाराचा इतिहास स्वतंत्र तक्त्यात हेतुपूर्वक जपणे अगत्याचे ठरते. जागा मोकळी करणे हे तंत्रज्ञाचे काम असले, तरी कोणती नोंद मृत मानावी हा इतिहासाचा आणि न्यायाचा प्रश्न आहे.