वज्र नव्हे, कुऱ्हाड

पिंपळाच्या पारावर, ग्रामदेवतेच्या चौथऱ्यावर, क्वचित एखाद्या घराण्याच्या देव्हाऱ्यातही, शेंदुराने माखलेला एक त्रिकोणी काळाभोर दगड दृष्टीस पडतो. आकाराने वितीएवढा किंवा त्याहून लहान, एका टोकास निमुळता, दुसऱ्या टोकास अर्धवर्तुळाकार धारेचा आणि सर्वांगी गुळगुळीत. विजेबरोबर आकाशातून पडलेले हे वज्र होय, अशी समजूत आपल्याच देशात नव्हे, तर युरोपातही शतकानुशतके होती. बुंदेलखंडात तर एकोणिसाव्या शतकातील संशोधकांना असे दगड झाडाखाली महादेव म्हणून पूजिले जात असलेले आढळले. भाविकाने ज्यापुढे हात जोडले, ती वस्तू मुळात कोणाच्या हातची, हा प्रश्न श्रद्धेला बाध आणणारा नाही.

ती माणसाच्याच हातची आहे, आणि ती कोठे घडली हेही दाखविता येते. कर्नाटकात बळ्ळारीजवळ कुपगल व संगनकल्लू येथे ओळीने टेकड्या आहेत. त्यांच्या ग्रॅनाइटमधून डोलेराइट या काळ्या, चिवट पाषाणाच्या भिंती उभ्या गेल्या आहेत. भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकातच हे स्थळ कुऱ्हाडींचा कारखाना म्हणून ओळखले होते. संगनकल्लू येथे पुढे डॉ. बी. सुब्बाराव यांनी उत्खनन केले. हेच सुब्बाराव नंतर वडोद्याच्या विद्यापीठात पुरातत्त्वाचे अध्यापक झाले. कारागीर प्रथम दगडाचे कपचे उडवून ओबडधोबड आकार काढी, मग ठोकून ठोकून उंचवटे मोडी, आणि शेवटी खडकावर घासून धार आणी. घासण्याने पडलेल्या खोलगट पन्हळी त्या खडकांवर आजही हाताने चाचपता येतात. अर्धवट राहून टाकून दिलेल्या कुऱ्हाडींचे आणि कपच्यांचे ढीग तेथे पडलेले आहेत. वज्राला कोणी अर्धवट टाकून देत नाही!

आकार कळला म्हणजे उपयोग कळला असे मात्र नाही. पारख करणाराने चकाकीकडे पाहू नये, दांडा कसा बसत असे ते पाहावे. या दगडाला नेढे नसते. निमुळते टोक लाकडी दांड्याच्या भोकात घालीत. प्रत्येक घावासरशी ते अधिकच घट्ट रुतून बसे. त्यानंतर धार निरखावी. दोन्ही बाजूंनी सारखी उतरत आलेली धार कुऱ्हाडीची. एक बाजू सपाट व दुसरीच उतरती असेल, तर तो बहुधा सुताराच्या वाकसाचा पूर्वज होय. त्याची धार दांड्याला आडवी बसे. धारेवरील बारीक ओरखडे व टवके घाव कोणत्या दिशेने बसत असे ते सांगतात. झाड तोडणे, रान मोकळे करणे, खांब व वासे तासणे ही त्यांची कामे. याच वस्त्यांत कुळीथ, मूग आणि बारीक तृणधान्ये मिळाली आहेत. गाईगुरे तर त्या लोकांचे मोठेच धन होते. हा काळ सुमारे इ. स. पू. 3000 ते 1200 असा धरतात. व्हीलर यांनी 1947 साली ब्रह्मगिरी येथे खणले, तेव्हा तेथील सर्वांत खालच्या संस्कृतीला दगडी कुऱ्हाडीचेच नाव दिले.

धातू आल्यावर दगडी कुऱ्हाड लगोलग गेली नाही. प्रवरेकाठी संगमनेरजवळील जोर्वे येथे 1950-51 मध्ये डॉ. ह. धी. सांकळिया व डॉ. शां. भा. देव यांनी खणले. तेथे सहा तांब्याच्या कुऱ्हाडी निघाल्या. त्याही चपट्या व नेढ्यावाचूनच्या, जणू दगडाचाच आकार धातूत उतरविलेला. विदर्भात नागपूरजवळ माहूरझरी व नायकुंड येथील शिळावर्तुळांत लोखंडी कुऱ्हाडी मिळतात. त्यांवर लोखंडाच्या पट्ट्या एकमेकींना छेद देऊन वळविलेल्या असत आणि त्यांनीच दांडा जखडला जाई. नेढ्यातून दांडा घालण्याची आज सर्वत्र दिसणारी रीत रुळण्यापूर्वी मनुष्याने एवढ्या खटपटी केल्या.

कोकण व गोमंतक ही परशुरामाची भूमी. म्हणून असा दगड हाती येताच त्याचा संबंध भगवंताच्या परशूशी जोडण्याचा मोह होतो. पण मूर्तींच्या हाती दिसणारा परशू रुंद पात्याचा व लांब दांड्याचा, म्हणजे शस्त्राच्या घडणीचा असतो. कुपगलचा दगड शेतकऱ्याचे व गवळ्याचे हत्यार आहे. दोहोंची गल्लत करण्यात परशुरामाचाही गौरव नाही आणि त्या अनामिक कारागिराचाही नाही.

येथे एक अडचण नमूद केली पाहिजे. तेल, दूध, चंदन यांच्या नित्य लेपनाने आणि राख-चिंचेच्या घासणीने धारेवरच्या बारीक खुणा पुसल्या जातात. शेंदूर निदान त्या झाकून तरी ठेवतो. घासणी त्या नष्ट करते. पूजेचा दगड पूजेतच राहावा, परंतु तो खरवडू नये. तो कोणत्या शेतात, नांगरताना की विहीर खणताना मिळाला, हे घरातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल तोवर लिहून ठेवावे. फूट यांचा संग्रह 1904 साली मद्रासच्या संग्रहालयाने घेतला. त्याच्या यादीत प्रत्येक वस्तूशेजारी तिचे गाव लिहिलेले असल्यामुळेच आजच्या अभ्यासकाला त्या गावी पुन्हा जाता येते.