तारांकित नोटा

अनुक्रमांकात ताऱ्याची खूण असलेल्या बदली चलनी नोटा. नोटेवरील क्रमांक हा मुद्रणालयाच्या हिशेबाचा आधार होय. किती नोटा छापल्या व किती बाद केल्या, याचा पडताळा त्यावरून घेता येतो. सदोष निघालेली नोट बाद केली की, पुडक्यात तिची जागा रिकामी होते. तोच क्रमांक पुन्हा छापणे वेळखाऊ व खर्चाचे असल्याने त्या जागी वेगळ्या मालिकेतील, खूण असलेली नोट घालण्याची पद्धत निघाली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती १९१० पासून रूढ आहे.

भारतात नासिक येथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात. सदोष नोटेऐवजी त्याच क्रमांकाची दुसरी नोट छापून शंभर नोटांच्या पुडक्यातील क्रम पूर्वी अखंड राखला जाई. २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने १०, २० व ५० रुपयांच्या नोटांत तारांकित मालिका सुरू केली. २०१६ मध्ये ५०० रुपयांच्या नव्या नोटांतही ती आली. आरंभीचा अंकाक्षरगट व पुढील क्रमांक यांच्यामध्ये तारा छापतात. अशा पुडक्यात नोटा शंभरच असतात, मात्र त्यांचे क्रमांक सलग नसतात.

या नोटा बनावट असल्याची अफवा २०२३ मध्ये पसरली. त्या पूर्णतः वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जुलैमध्ये जाहीर केले. हिशेब चोख राहावा म्हणून योजिलेली खूणच संशयास कारण झाली. कागदी चलनावरील विश्वासाला त्यावरील खुणांचा लोकपरिचयही आवश्यक असतो, हे यावरून दिसते.