तटाच्या आंतलें घर

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या एका स्नेह्यांनीं वसई रोड स्टेशनापासून पायीं पंधरा मिनिटांवर दोन खोल्यांची जागा घेण्याचें मनांत आणलें. आयुष्यभराची शिल्लक, पत्नीचे थोडे दागिने आणि वीस वर्षांचें कर्ज एवढें सारें त्या दोन खोल्यांत जावयाचें होतें. जागा पाहण्यास त्यांनीं आम्हांसही बरोबर नेलें. दलालानें आरंभ केला तो भिंती कशा आहेत, पाणी किती वेळ येतें, ह्या गोष्टींनीं नव्हे, तर चर्चगेट किती मिनिटांवर आहे ह्या गोष्टीनें. आणि मग पुढें होणार असलेल्या पुलांची व रस्त्यांची एक लांबलचक यादी त्यानें म्हणून दाखविली. जमीन मूळची कोणाची, असें वहिनींनीं विचारतांच तो हसून म्हणाला, "कागद सगळे क्लिअर आहेत, ताई." दुपार मोकळी होती, म्हणून तेथून आम्ही बसनें किल्ला पाहावयास गेलों. दलालाचें तें वाक्य त्या ओसाड तटाच्या आंतही आमच्या कानांत घोळत होतें, आणि तें कां, हें सांगण्यासाठींच हा लेख.

वसई ही एके काळीं स्वतः राजधानी होती. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें, हुमायून बादशहा आपल्यावर चालून येणार ह्या धाकानें, वसई व तिच्या ताब्यांतील मुलूख पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्या स्वाधीन केला. पुढें येथेंच पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचें मुख्य ठाणें झालें आणि ह्या नगरास ‘उत्तरेचा दरबार’ असें म्हणूं लागले. साष्टी, ठाणें, माहीम, मुंबई हीं सर्व वसईच्या हाताखालचीं. मुंबईचें अख्खें बेट तेव्हां गार्सिया द ओर्ता नांवाच्या एका वैद्यानें खंडानें घेतलेलें होतें. त्याचा वनौषधींवरील प्रसिद्ध ग्रंथ १५६३ सालीं गोव्यास छापला गेला. त्यांत वर्षांतून दोन वेळां फळणाऱ्या आपल्या एका आंब्याचें कौतुक त्यानें केलें आहे. बेट त्याच्या नांवावर, पण वैद्यबुवांचें बिऱ्हाड गोव्यास! ज्या शहराच्या जवळीकीवर आज वसईंतील खोलीची किंमत ठरते, त्याची त्या काळची पायरी ही.

वसईस हें महत्त्व आलें तें वाटांमुळें. पश्चिमेस खुला समुद्र. दक्षिणेस खाडी, आणि त्या खाडींतून वर गेलें कीं घोडबंदर, ठाणें, कल्याण व पलीकडे घाट. गोव्याहून खंबायताकडे जाणारे गलबतांचे तांडे येथें थांबत. इमारती लांकूड व दगड येथून बाहेर जाई; गोव्यांतील चर्चांच्या बांधकामासही वसईचा दगड गेलेला आहे. असल्या ठिकाणीं सुमारें अडीच किलोमीटर घेराचा तट उभा राहिला, आणि त्याच्या आंत घर असणें ही प्रतिष्ठेची परमावधि होऊन बसली. जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य १६७५ च्या सुमारास येथें आला होता. दुमजली वाडे, झांकलेले सज्जे, आणि कांचेच्या ऐवजीं शिंपल्यांचीं तावदानें बसविलेल्या मोठाल्या खिडक्या त्यानें वर्णन केल्या आहेत. तटाच्या आंत ख्रिस्त्यांखेरीज कोणास रात्रीं राहतां येत नसे, असेंही तो लिहितो. म्हणजे ज्या कारागिरांनीं तीं तावदानें घडविलीं व ज्या कुणब्यांच्या भातावर तीं घरें पोसलीं, त्यांतील पुष्कळांना दिवस मावळला कीं वेशीबाहेर पडावें लागे.

आतां ह्या घरांच्या पायाकडे वळूं. आमचा रोख दगडी पायाकडे नाहीं. कागदी पायाकडे आहे. वाड्यांत राहणारीं कुटुंबें जगत तीं साष्टी व आसपासच्या गांवांच्या उत्पन्नावर. हे गांव त्यांच्या पूर्ण मालकीचे नसत. जमीन राजाची, कुटुंबाकडे ती ठराविक हयातींपुरती, बहुधा तीन हयातींपुरती, येई. त्याबद्दल सरकारांत सालोसाल ‘फोरो’ नांवाचा सारा भरावयाचा आणि प्रसंग पडल्यास शस्त्र घेऊन संरक्षणास उभें राहावयाचें. अनाथ पोर्तुगीज मुलींना त्यांच्या लग्नांत असे गांव आंदण दिले जात. गांव मुलीच्या नांवें आणि वर पोर्तुगीज असावा, असा त्यांतील हेतु. तिसरी हयात संपत आली कीं मुदत वाढवून घेण्याची खटपट सुरू होई. मुंबईंत ‘फोरास’ हा शब्द अजून एका रस्त्याच्या नांवांत जिवंत आहे आणि ‘फजिंदारी’ हा जमिनीच्या हक्कांच्या जुन्या दस्तऐवजांत आढळतो. दोन्ही पोर्तुगीज अमदानींतले. शब्द टिकले, हें एक नवलच.

राज्य बदललें म्हणजे असल्या कागदांचें काय होतें, ह्याचा पहिला धडा वसईकरांना मुंबईनेंच दिला. १६६१ च्या विवाह-तहानें मुंबई इंग्लंडच्या राजास आंदण मिळाली आणि १६६५ सालीं प्रत्यक्ष ताबा गेला. रहिवाशांच्या मिळकतींस धक्का लागणार नाहीं असें ठरलेलें असतांही कोणती जमीन कोणाची ह्याबद्दल वर्षानुवर्षें तंटे चालले. अखेर गव्हर्नर जेरल्ड ऑंजियर यानें १६७४ सालीं जमीनदारांशीं तडजोड केली: त्यांनीं कंपनीस सालीना २०,००० शेराफिन द्यावे आणि कंपनीनें त्यांचे हक्क मान्य करावे. हक्क राहिले, पण त्यांची किंमत पुन्हां एकदां मोजावी लागली. त्याच १६७४ सालीं मस्कतच्या अरबांनीं वसईच्या तटाबाहेरील चर्चें लुटलीं, आणि आंतले शूर सरदार आंतच राहिले. १६९५ मध्यें आलेल्या जेमेल्ली करेरी ह्या इटालियन प्रवाशास शहराचा उत्तरेकडील तिसरा हिस्सा साथीमुळें रिकामा पडलेला दिसला. तरीही तटाच्या आंतल्या घराचा लौकिक कमी झाला नाहीं. लौकिक हा खऱ्या परिस्थितीच्या मागून बऱ्याच सावकाश चालतो.

मग १७३७ उजाडलें. चिमाजीअप्पांच्या फौजांनीं त्या वर्षीं ठाणें व साष्टी घेतली. आमच्या समजुतीप्रमाणें वसईच्या जमीनदारांचा खरा शेवट त्याच वर्षीं झाला. १७३९ मध्यें झाला तो त्याचा दृश्य भाग. वाडे जागच्या जागीं होते, सज्जे होते, तावदानें होतीं. पण ज्या गांवांच्या उत्पन्नावर हें सारें उभें होतें ते गांव गेले होते. शिवाय पळून आलेल्यांची गर्दी तटाच्या आंत दाटली. मदतीसाठीं मुंबईकर इंग्रजांकडे याचना झाली, तेव्हां त्यांनीं थोडें कर्ज दिलें, तेंही चर्चमधील चांदीचीं भांडीं व तोफा तारण घेऊन! पाऊणशें वर्षांपूर्वीं आपल्या हाताखालीं असलेल्या बेटाच्या दारांत उभें राहून देव्हाऱ्यांतील चांदी गहाण ठेवण्याची पाळी ‘उत्तरेच्या दरबारा’वर आली.

१७३९ च्या फेब्रुवारींत मराठ्यांनीं किल्ल्यास निकराचा वेढा घातला. दलदलीच्या बाजूनें मोर्चे लावणें, सुरुंग खणणें, आणि ते उडाल्यावर पडलेल्या खिंडारांतून पुन्हां पुन्हां हल्ला करणें, ह्या कामीं मराठ्यांची अपरंपार माणसें पडलीं. ती शौर्यकथा आमच्या वाचकांस पाठ आहे. आम्हांस येथें पाहावयाचीं आहेत तीं मे महिन्यांत ठरलेलीं तहाचीं कलमें. शिबंदीनें शस्त्रांसह व मानानें बाहेर पडावें; रहिवाशांनीं आपली जंगम मालमत्ता बरोबर न्यावी. जंगम! त्या एका शब्दानें दोनशें वर्षांचा हिशेब मिटविला. पेट्या, भांडीं, दागिने नांवेंत चढले; वाडा, विहीर, वाडी आणि तीन हयातींचा तो कागद ह्यांना नांवेंत जागा नव्हती. कागद कोणी बरोबर नेलाही असेल. पण तो दाखवावयाचा कोणास? विजेत्यांचे हे पाहुणे शेवटीं कांहीं मुंबईस व कांहीं गोव्यास गेले. चर्चमधील घंटा देशावरच्या देवळांत गेल्या; नाशकास नारोशंकराच्या देवळावर व वाईजवळ मेणवलीस त्या आजही पाहावयास मिळतात. घंटा ही जंगम वस्तु, एवढेंच.

मराठी अमलांत शंकराजी केशव फडके यांच्या हातीं येथील सुभा आला. पुढें १७८० मध्यें जनरल गॉडर्डनें किल्ला घेतला, सालबाईच्या तहानंतर तो परत मिळाला, आणि १८०२ च्या ३१ डिसेंबरास येथेंच दुसऱ्या बाजीरावानें आपलें स्वातंत्र्य लिहून दिलें. तोंवर व्यापार मुंबईकडे वळला होता.

वसईस पुन्हां भाव आला तो आगगाडीनें. बी.बी.सी.आय. रेल्वेचा मार्ग १८६४ सालीं खाडी ओलांडून मुंबईस पोंचला. १२ एप्रिल १८६७ रोजीं विरारहून मुंबईस सकाळीं जाणारी व संध्याकाळीं परतणारी पहिली लोकल सुरू झाली. १९३६ मध्यें विजेची गाडी विरारपर्यंत आली. परंतु स्टेशन झालें तें किल्ल्यापासून कोसांच्या अंतरावर. जुनी वसई समुद्राकडे तोंड करून होती, नवी वसई रुळांकडे तोंड करून बसली. पुष्कळ वर्षें गाडीनें मुंबईस गेलीं तीं केळीं, विड्याचीं पानें, फुलें, भाजी आणि दूध. माणसें मागाहून, आणि मुंबईंतून उलट दिशेनें आलीं: ज्यांना त्या शहरांत काम होतें पण छप्पर परवडत नव्हतें अशीं. विहिरींचें पाणी टँकरांत आणि वाड्या इमारतींखालीं जाऊं लागल्या, तेव्हां १९८८ च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें ‘हरित वसई’ची चळवळ उभी राहिली. २००९ सालीं महानगरपालिका झाली. २०११ च्या खानेसुमारींत तिच्या हद्दींत १२ लाखांवर माणसें भरलीं.

ह्या १२ लाखांतल्या किती जणांनीं वहिनींसारखा प्रश्न विचारला असेल? विचारला तरी उत्तर तेंच मिळालें असेल. नालासोपाऱ्यांत मैलापाणी शुद्ध करण्याच्या व कचऱ्याच्या कामासाठीं राखून ठेवलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या, खोट्या कागदांच्या आधारें खोल्या विकल्या गेल्या, आणि हायकोर्टाच्या हुकुमानें २०२५ च्या आरंभापर्यंत त्या सर्व पाडण्यांत आल्या. तेथील कित्येकांजवळ करार होता, घरपट्टीची पावती होती, विजेचें बिल होतें. त्यांनींही जातांना भांडीं, गाद्या, शिलाईचें यंत्र असें जंगम तेवढें नेलें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें विरारास एका बेकायदा चार मजली इमारतीचा भाग रात्रीं कोसळून १७ माणसें प्राणांस मुकलीं. पोर्तुगीज सरदारांशीं ह्या गरिबांची तुलना करणें अन्यायाचें होईल. ते सत्तेच्या जोरावर दुसऱ्याच्या कष्टांवर जगले, आणि ह्यांनीं स्वतःच्या कष्टांचें मोल मोजलें. साम्य आहे तें विकलेल्या मालांत. दोन्ही वेळां किंमत घेतली गेली ती वाटेची, आणि हातीं दिला गेला तो दुसऱ्याच्या मर्जीवर टिकणारा कागद.

किल्ल्यांत त्या दुपारीं छप्पर उडालेल्या एका चर्चच्या फरशींत आम्ही जुने कबरीचे दगड पाहिले. त्यांवरील पोर्तुगीज अक्षरें झिजलीं आहेत. पण अशा दगडांवरील मजकूर बहुधा ठराविक असतो: ही कबर अमुकाची व त्याच्या वारसांची. वहिनींनीं त्याचा अर्थ विचारला, आम्हीं सांगितला. "म्हणजे हा त्यांचा सात-बाराच कीं," त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळानें, "मग वारस आले का?"

दुसऱ्या दिवशीं आमच्या स्नेह्यांनीं दलालाकडे जमिनीचा उतारा, बांधकामाची परवानगी व भोगवट्याचा दाखला, ह्या तिहींच्या नकला मागितल्या. आणि त्या आल्या म्हणजे नगरपालिकेंत जाऊन स्वतः पडताळून पाहूं, असेंही सांगितलें. नकला अद्याप आल्या नाहींत. बयाणा त्यांनीं अजून दिलेला नाहीं.